भाजल्यानंतरची खाज



आपल्या घरांत तप सुरू असलं की मोठ्या पातेल्यांत पाणी उकळतं, आणि ते परातीत ओतून गार करताना भाजण्याची भीती असतेच. लालबागला आमच्या मोठ्या जाऊबाईंचा हात असाच कोपरापर्यंत भाजला. महिन्याभरात जखम भरली, आणि मग खाज सुरू झाली. रात्री बारा-बाराला उठून बसायच्या.

भेटायला येणाऱ्या म्हणायच्या, "खाज म्हणजे जखम भरतेय. सहन करा, निर्जरा होईल." पहिलं खरं आहे. भरणाऱ्या कातडीत हिस्टामिन सुटतं, नसा नव्याने वाढतात, आणि खोल भाजलं असेल तर तेलग्रंथी जळाल्याने कातडी कोरडी पडते. पण ही खाज कित्येक महिने राहू शकते, आणि खाजवलं की नाजूक कातडी पुन्हा फाटते. म्हणून नुसतं सोसून भागत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं: कोमट पाण्याने अंघोळ, बिनवासाचा साबण, अंग पुसायचं नाही, टिपायचं. भरलेल्या कातडीवर दिवसातून तीन-चारदा बिनवासाचं मलम हलक्या हाताने लावायचं, उघड्या जखमेवर नाही. नखं कापलेली, कपडे सैल सुती. खाज आली की तळव्याने थोपटायचं किंवा गार ओलं फडकं ठेवायचं. बर्फ थेट लावायचा नाही.

मलम घेताना घटक वाचा. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून काढतात; पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून होते.

खाजेची गोळी झोपताना घ्यायची होती, आणि जाऊबाईंचा वर्षानुवर्षांचा चौविहार. त्या गोळी घेईनात. उपाश्रयात महाराजसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, बरं होईपर्यंत दुविहाराचं पच्चक्खाण घ्या, त्यात पाणी आणि औषध चालतं. त्या रात्री जाऊबाई पाच तास झोपल्या.

बावीस परिषहांत रोग आहे, पण ते सोसण्याचं व्रत साधू-साध्वींनी स्वतःहून घेतलेलं असतं. आजाऱ्याला ते आपण बाहेरून सांगायचं नसतं. आपल्या वाट्याला वैयावृत्य येतं, आणि सहा अभ्यंतर तपांत त्याचीही गणना आहे. रात्री उठून हात थोपटून देणं हे तेच.

पू दिसला, ताप आला किंवा गोळीनेही झोप लागत नसेल तर थांबू नका. भायखळ्याच्या मसिना आणि चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग आहेत.