साखळी आणि कुलूप

परवा मुरबाडला जाऊन साखळी घेऊन आलो. सोन्याची नव्हे, लोखंडाची. कापडी पिशवीत घालून एस.टी.त मांडीवर ठेवली होती, ती बसच्या प्रत्येक धक्क्याला खणखणत होती. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "बाबा, बैल घेतला का?" म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला, म्हणजे तिला अजून अवकाश आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मुरबाडच्या बाजूने साखळी घेऊन येणारा म्हातारा म्हणजे बैलवालाच, हा हिशेब आमच्याकडे अजून चालतो. मी म्हटलं, "बैल नाही, नातवाचा घोडा आहे." त्या हसल्या आणि किन्हवलीला उतरून गेल्या.

घोडा म्हणजे मोटरसायकल. शहापूरला रेल्वे स्टेशन नाही, जवळचं ते आसनगाव. नातू पहाटे काळोखात गाडी काढतो आणि आसनगावला लोकल धरतो. त्या वेळी रिक्षा मिळाली तर मिळाली. गाडी नसेल तर लोकल चुकते, लोकल चुकली की दिवस बुडाला. तेव्हा ही चैनीची वस्तू नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

याआधीची गाडी चोरीला गेली. २०२३ साली श्रावण अधिक आला होता, त्या महिन्यातली गोष्ट. रात्रभर पाऊस पत्र्यावर आपटत होता. सकाळी नातू हेल्मेट घेऊन बाहेर गेला आणि तसाच आत आला. "आजोबा, गाडी कुठाय?" जणू काही मीच उठून एक चक्कर मारून आलो असेन! अंगणात गाडी उभी असायची तेवढी जागा मात्र जरा कमी भिजलेली होती. ती जागा मला अजून दिसते.

तक्रार दिली. तेव्हा भारतीय दंड संहिता होती, चोरीचं कलम ३७९. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात चोरी ३०३ मध्ये गेली. आयुष्यभर पाठ केलेला आकडा म्हातारपणी बदलला.) विम्याकडे गेलो तर तिथे कळलं की दोन्ही मूळ किल्ल्या जमा कराव्या लागतात. एक नातवाकडे होती. दुसरी घरात सापडेना.

आता जे लिहितो ते लिहायला मला दोन वर्षं लागली.

आमच्या मागच्या आळीत माझा एक विद्यार्थी राहतो. माझी नोकरी मुरबाड तालुक्यात सुरू झाली आणि शहापुरात संपली, त्या शेवटच्या वर्षांतला. मराठीच्या पेपरात त्याचे निबंध चार ओळींचे, पण वर्गातला पंखा बंद पडला की तोच दुरुस्त करायचा. त्याची आई आजारी होती तेव्हा तो आमची गाडी दोन-तीनदा घेऊन गेला होता. एकदा किल्ली माझ्याच हातून घेतली होती. ती त्याने परत दिली की नाही, मला आठवेना. पोलिसांनी विचारलं, "कुणावर संशय?" आणि मी त्याचं नाव सांगितलं. शिक्षकाने सांगितलेलं नाव. त्याला बोलावून घेतलं, अर्धा दिवस बसवून ठेवलं, विचारपूस केली आणि सोडून दिलं. आळीत चार तोंडांनी चार गोष्टी व्हायच्या त्या झाल्या.

दिवाळीच्या साफसफाईत सौ.ने माझा जुना रेनकोट झटकला तर आतल्या खिशातून किल्ली पडली. तीच. रेनकोट माझा, खिसा माझा.

गाडी काही मिळाली नाही. विम्याचे पैसे मिळाले, तेही पॉलिसी सगळं धरणारी होती म्हणून. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई नसते. आणि मिळतात ते गाडीच्या त्या वर्षीच्या घटलेल्या किमतीचे, नव्या गाडीचे नव्हेत. नातवाने हप्त्यावर दुसरी घेतली. हप्ते अजून चालू आहेत.

तर कुलपाची गोष्ट. हँडल लॉक हे कुलूप आहे असं आपण समजतो, पण हँडल जोर लावून फिरवलं की आतला खिळा तुटतो. चोराला किल्ली लागतच नाही, हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. आता असो. डिस्कला लावायचं छोटं कुलूप मिळतं, ते आमच्या कामाचं नाही, कारण या गाडीला पुढेमागे ड्रम ब्रेक आहेत. शिवाय नुसतं चाक अडवून काय होणार? चौघांनी उचलली आणि टेम्पोत टाकली की उजाडायच्या आत कसारा घाट पार. गाडी कशाला तरी बांधायलाच हवी. म्हणजे शेवटी दावं आणि खुंटा आलेच.

मुरबाडला माझ्या अगदी सुरुवातीच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. तो स्वतःच आता आजोबा झालाय. "सर, बसा, चहा घ्या." साखळी किलोवर मिळते हे मला नवीन होतं. त्याने रिळावरची चांगली जाडजूड दिसणारी साखळी ओढली, मीटरभर मापली, कोपऱ्यातलं लांब दांड्याचं बोल्ट कटर घेतलं आणि कट्! सुपारी फोडावी तशी कडी तुटली. मी चहाचा कप खाली ठेवला.

"अरे, हेच कटर चोराकडे असेल तर?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मोठ्याने हसला. म्हणाला, "सर, इतकी वर्षं विकतोय, असं कुणी विचारलं नाही." (हे ऐकून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?)

मग त्याने आतून दुसरी काढली. पाणी दिलेल्या पोलादाची, कड्या चौकोनी. कानस आणून माझ्या हातात दिली, "घासून बघा." पहिल्या साखळीवर कानस चावली, पांढरी रेघ उठली. दुसरीवर नुसती घसरली, काचेवर घासावी तशी. जाडीपेक्षा हा फरक मोठा. लोहार विळ्याला पाणी देतो ते लहानपणी तासन्‌तास बघितलंय, पण ते साखळीलाही देतात हे डोक्यात आलं नव्हतं. साधारण बोटाएवढी जाड, हाताच्या अंतराएवढी लांब साखळी वजनाला जवळजवळ तीन किलो भरली. कुलूप घेताना त्याने सांगितलं, की नुसतं मोठं बघू नका, वरचा वाकडा दांडा किती उघडा राहतो ते बघा. कटरचा जबडा तिथेच शिरतो. म्हणून दांडा जवळजवळ सगळा झाकलेला असतो तसलं घेतलं. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा धंदा सुरू केला, तेव्हा त्यांच्यासमोर तिजोऱ्या असतील. एका म्हाताऱ्याला अंगणात घोडा बांधायचाय हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

ग्राइंडरपुढे मात्र हेही टिकत नाही, हे दुकानदाराने न विचारता सांगितलं. फक्त वेळ लागतो आणि आवाज होतो, ठिणग्या उडतात. बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ का बांधायची ते मला माझ्या वडिलांनी सांगितलं होतं. "हलला की आपल्याला जाग येते."

घरी आणून ओट्याच्या जुन्या कडीला साखळी लावली, समाधानाने मागे सरून बघितलं. संध्याकाळी नातू त्या मुलाला घेऊन आला. तो आता हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये आहे. दोन वर्षांत आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. त्याने साखळीकडे बघितलं, मग कडी दोन बोटांनी धरून जरा पिरगाळली. कडी वाकली. साखळी तीन किलोची आणि खुंटा हा असा!

"सर, काँक्रीटमध्ये जाड सळईची नवीन पुरावी लागेल. तोंड वेल्ड करून." मग खाली बसला. पुढच्या चाकातून घातलेली साखळी काढली, कारण पुढचं चाक खोलता येतं, आणि मागून चेसिसच्या नळीतून घेतली. "आणि ही जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली की कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर उभं राहता येतं, सगळं वजन देता येतं. नाहीतर कुलूप फरशीवर ठेवून वरून घण. लोंबती राहिली तर दोन्ही जमत नाही."

आता कबूल करतो. त्या क्षणी मनात आलंच, याला हे सगळं कसं माहीत? सवय वाईट. तोंडावर दिसलं असणार, कारण वर न बघताच तो म्हणाला, "लोक किल्ल्या हरवतात सर. गॅरेजला गाडी आणतात, कुलूप आम्हालाच तोडावं लागतं."

किल्ल्या हरवतात. ओट्यावर बसलो. नातू आत पाणी आणायला गेला होता. मी म्हटलं, "तेव्हा माझी चूक झाली रे. किल्ली माझ्याच रेनकोटात होती." घरात सगळ्यांना हे माहीत होतं, त्याला मी पहिल्यांदा सांगत होतो.

तो साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवत होता, गाडीचा रंग खरवडू नये म्हणून. हात थांबले नाहीत. ट्यूब पूर्ण चढवून झाली, कुलूप लावलं, ओढून बघितलं.

"सर, भोक खालच्या बाजूला राहू द्या," तो म्हणाला, "पावसाचं पाणी जाणार नाही."

रविवारी सिमेंट घेऊन येतो म्हणालाय.