सुधारणेचा पाया

सुधारणा आधीं सामाजिक कीं आधीं राजकीय, या प्रश्नावर आपल्या आजोबा-पणजोबांनीं कडाक्याचे वाद घातले. आज हा शब्द आपल्या घरांत रोज सकाळीं येतो, पण तो कोणा आगरकरांच्या लेखणींतून नव्हे, तर खिशांतल्या यंत्रांतून. 'नवी, सुधारलेली आवृत्ति तयार आहे, घेतां काय?' असें तें यंत्र विचारतें आणि आपण मुकाट्यानें होकार भरतों. दुसऱ्या दिवशीं ओळखीचें बटण जागेवर नसतें, कालपर्यंत उघडणारा लेख उघडत नाहीं, आणि सुधारणा नेमकी कोणाची झाली, हें कोडें मागें उरतें. अशा वेळीं, ज्या एका साधनानें आम्ही गेलीं तीस वर्षें आपलें गणिती लेखन करीत आलों, त्याच्या सुधारणांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आलें. तें साधन म्हणजे अक्षरजुळणी करणारी 'टेक' ही संगणकाची आज्ञावली.

जुन्या छापखान्यांत जुळारी शिशाचे खिळे एकामागून एक ओळींत बसवीत असे. त्यांतहि गणिताचा मजकूर म्हणजे त्याच्या संयमाची कसोटीच. अपूर्णांकाची आडवी रेघ, वर्गमूळाचें छत, घातांकाचा चिमुकला अंक, हें सर्व हातानें रचावयाचें. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या 'दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाचे पहिले खंड १९६८ पासून धातूच्या खिळ्यांनींच छापले गेले होते. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें त्यांच्या हातीं आलीं, तेव्हां खिळ्यांची जागा प्रकाशचित्रणाच्या जुळणीनें घेतली होती. ही नवी सुधारणा जुन्या पानापुढें इतकी फिकी दिसली कीं ग्रंथकर्त्यास ती पाहवेना. दुसरा एखादा लेखक प्रकाशकास चार खरमरीत ओळी लिहून स्वस्थ बसता. कनूथांनीं ग्रंथ बाजूस ठेविला आणि अक्षरजुळणीची आज्ञावलीच लिहावयास घेतली. एका वर्षाच्या रजेंत काम आटपेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षांत दहाबारा वर्षें त्या कामांत गेलीं.

या आज्ञावलीची करामत समजण्यास गणित यावयास नको. सामान्य आज्ञावली ओळ भरली कीं ती तोडते आणि पुढच्या ओळीचें काय होईल याची पर्वा करीत नाहीं. टेक सबंध परिच्छेद एकदम पुढ्यांत घेते. शब्दांमधील जागा फार ताणली तर दोषाचे इतके गुण, फार आवळली तर इतके, शब्द मध्येंच तोडला तर आणखी इतके, असा हिशेब करून ज्या मांडणींत एकूण दोष सर्वांत कमी तीच ती निवडते. शेवटच्या ओळीसाठीं पहिली ओळ जरा सैल करावी लागली तरी तिची तयारी असते. चांगला शिंपी कात्री चालविण्यापूर्वीं सबंध कापड पसरून पाहतो, तसाच हा प्रकार आहे. ही रीत कनूथ व मायकेल प्लास यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केली. शब्द कोठें तोडावा याची युक्ति फ्रँक लियांग या त्यांच्या शिष्यानें १९८३ च्या प्रबंधांत सिद्ध केली. मापाची बारकाई तर अशी कीं या आज्ञावलीचें सर्वांत लहान माप दृश्य प्रकाशलहरीच्या लांबीच्या सुमारें शंभराव्या हिश्शाइतकें आहे. डोळ्यास जें कधींच दिसणार नाहीं, तेथेंहि हयगय नाहीं!

आतां सुधारणांकडे वळूं. १९८२ सालीं कनूथांनीं ही आज्ञावली मुळापासून पुन्हां लिहिली. १९८९ सालीं युरोपांतील लोकांनीं गाऱ्हाणें घातलें कीं, मूळ रचनेंत १२८ चिन्हांनाच जागा आहे. आमच्या भाषांतील टिंबें-टोप्या घातलेल्या अक्षरांनीं जावें कोठें? गाऱ्हाणें रास्त होतें. कनूथांनीं १२८ च्या जागीं २५६ केले, एकाच लेखांत अनेक भाषांचे शब्द तोडण्याची सोय केली, आणि १९९० सालीं ही तिसरी आवृत्ति निघाल्यावर जाहीर केलें कीं, आतां पुरे. यापुढें चूक सांपडल्यास ती दुरुस्त होईल, नवी भर पडणार नाहीं. तेव्हांपासून दर दुरुस्तीगणिक आवृत्तीच्या आंकड्यास एकेक दशांशस्थळ वाढत जातें आणि तो आंकडा वर्तुळाच्या 'पाय' या गुणोत्तराच्या जवळ सरकतो. २०२१ सालीं तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या पश्चात् तो साक्षात् 'पाय' व्हावा, आणि मग ज्या चुका उरतील त्यांस चुका न म्हणतां आज्ञावलीचे गुणधर्मच समजावें, अशी व्यवस्था कर्त्यानें स्वतःच करून ठेविली आहे. चूक दाखविणारास द्यावयाच्या बक्षिसाची रक्कमहि वाढत वाढत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर येऊन थांबली. ३२,७६८ हा दोनाचा पंधरावा घात आहे, हें चाणाक्ष वाचकांनीं ओळखलेंच असेल.

काम पुरें झालें असें म्हणून हात आवरणारा सुधारक विरळा. त्या आवरण्याची किंमत आम्हांस अलीकडे कळली. आमचा प्रबंध आम्हीं १९९७ सालीं या साधनावर लिहिला होता. मध्यंतरीं सहज तो जुना मजकूर काढून नव्या संगणकावर चालविला, तेव्हां पानेंच्या पानें जशींच्या तशीं उमटलीं. ओळी त्याच शब्दांवर तुटल्या. त्याच सुमारास विद्यार्थ्यांसाठीं तयार केलेल्या आमच्या मराठी टिपणांची कथा मात्र निराळी. तीं त्या वेळच्या एका मराठी अक्षर-आज्ञावलींत लिहिलीं होतीं. संगणकाच्या दृष्टीनें त्यांतलीं अक्षरें रोमनच होतीं. त्यांवर देवनागरीचा मुखवटा तेवढा चढविलेला होता. पुढें ती आज्ञावली 'सुधारली', जुने मुखवटे तिनें टाकून दिले, आणि आज तीं टिपणें उघडलीं असतां स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरें यांची निरर्थक खिचडी तेवढी दिसते. विशीं-तिशींत घासलेली मराठी परिभाषा तींत गाडली गेली आहे. महाराष्ट्रांतील कितीतरी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत असाच मजकूर मुका होऊन पडला आहे. शिळेवर छापलेलें गणपत कृष्णाजींचें १८३१ चें पंचांग आज कोणासहि वाचतां येईल; पंचवीस वर्षांमागचें आपलें टिपण आपल्यालाच वाचतां येऊं नये, याला काय म्हणावें?

देवनागरी आणि यंत्र यांचा झगडा मात्र जुनाच आहे. खिळ्यांची संख्या आटोक्यांत यावी म्हणून इ, उ, ए या स्वरांऐवजीं अ लाच वेलांटी, उकार आणि मात्रा लावावी, असें सावरकरांनीं सुचविलें होतें. यंत्रासाठीं लिपीनें वांकावें, असा त्या काळाचा नाइलाज होता. १९९१ च्या सुमारास नेदरलंड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनीं टेकसाठीं देवनागरीची सोय केली. तींत मजकूर रोमन लिपींत लिहावयाचा आणि एका मधल्या आज्ञावलीनें त्याचीं जोडाक्षरें घडवावयाचीं, असा द्राविडी प्राणायाम होता. २००४ सालीं जोनाथन क्यू यांनीं टेकचेंच नवें भावंड 'झीटेक' काढलें आणि सर्व लिपींना सामावणारी युनिकोडची अक्षरमाला थेट आंत घेतली. आतां 'दुसऱ्या' शब्दांतला अर्धा ऱ आपल्या जागीं बसतो, आणि अक्षरसंचांत तशी तरतूद असेल तर भाषा मराठी असें सांगतांच ल आणि श हिंदी वळण सोडून मराठी वळण घेतात. येथें यंत्रच लिपीसाठीं वांकलें. आणि हें करतांना मूळ टेकच्या पायाचा एकहि दगड हलविला नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

टेकच्या वर लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं १९८० नंतर 'लेटेक' हा मजला चढविला. येथें लेखकानें हें प्रकरण, हें प्रमेय, ही टीप एवढेंच सांगावयाचें. रूप देणें यंत्राकडे. १९९४ च्या त्याच्या आवृत्तींत आतां वर्षाकांठीं एकदोनदां भर पडते. परंतु २०१५ पासून तींत एक मोठी सभ्य सोय आहे: आपल्या लेखाच्या माथ्यावर जुनी तारीख घातली कीं लेटेकचा गाभा त्या तारखेस जसा वागत होता तसा वागूं लागतो. नवी सून घरीं आली म्हणून सासूबाईंचीं भांडीं माळ्यावर टाकलीं नाहींत, असा हा संसार आहे.

या मजल्यावर सध्यां चाललेलें काम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत दृष्टि गेलेला एक विद्यार्थी होता. मोठा तल्लख. आमचीं सुबक छापलेलीं टिपणें तो संगणकाकडून वाचवून घेई. एके दिवशीं तो म्हणाला, "सर, यंत्र सगळे आंकडे वाचतं, पण रेघेच्या वर कोणता आणि खाली कोणता, ते काही सांगत नाही." प्रकाशलहरीपेक्षां सूक्ष्म मापानें जुळविलेला तो अपूर्णांक त्याच्यापुरता फुटून पडला होता. कारण सरळ आहे. छापील पानाच्या पीडीएफमध्यें कोणतें चिन्ह कोठें ठेवावें एवढेंच नोंदलेलें असतें. हा मथळा, हा अंश, हा छेद, हें ज्ञान लेखकानें दिलेलें असूनहि छपाईच्या वाटेवर गळून जातें. लेटेकच्या मंडळींनीं २०२० पासून हें गळणारें ज्ञान पानाबरोबर पोंचविण्याचें काम हातीं घेतलें आहे. २०२२ पासून लेखाच्या आरंभीं एक घोषणा घालून त्याचा मार्ग खुला झाला, आणि मथळे, याद्या, कोष्टकें, समीकरणें अशा एकेका भागाची तशी सोय होत आहे. काम अजून चालू आहे. तो विद्यार्थी पदवी घेऊन गेला. त्याच्या मागून येणाराला तरी अंश कोणता आणि छेद कोणता, हें विचारण्यासाठीं दुसऱ्याचे डोळे उसने घ्यावे लागूं नयेत.

सुधारणा कशास म्हणावें, याची कसोटी आम्हांस या हकीकतींत सांपडली. कालचा लिहिणारा आज मुका होत नाहीं ना, आणि काल दाराबाहेर उभा असलेला वाचक आज आंत येतो ना, हे दोनच प्रश्न विचारावे. दोहोंचें उत्तर समाधानकारक असेल तर त्या नवेपणास खुशाल सुधारणा म्हणावें. एरव्हीं तो केवळ बदल होय, आणि बदलास होकार देण्यापूर्वीं चार दिवस विचार करण्याचा हक्क शहाण्या माणसानें राखून ठेवावा.