तुरीच्या जाळ्यातली रेघ

आळंद, कलबुर्गी, भालकीच्या काळ्या रानात तुरीवर मर येते ती बहुधा फुलोऱ्याच्या किंवा शेंगांच्या ऐन भरात. झाड उभ्या उभ्या वाळते. खोड उभे चिरले की सालीखाली काळपट-तपकिरी रेघा दिसतात. फ्युझॅरियम उडम ही जमिनीतली बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या कोंडते. ‘मारुती’ वाण १९८६ मध्ये आले, ‘आशा’ १९९३ मध्ये. दोन्ही मरीला तोंड देणारी. मात्र त्यांच्या मुळात नेमके काय घडते, हे एकेक जनुक सुटे पाहून उमगत नाही. त्यासाठी जनुकांचे जाळे मांडावे लागते.

‘आशा’चा जीनोम पाटनचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०११ मध्ये उलगडला, जनुकांचा अंदाज ४८,६८०. पुढे २०१७ मध्ये त्याच वाणाच्या ३० अवयव-अवस्थांतून २८,७९३ जनुकांच्या अभिव्यक्तीचा नकाशा आला आणि त्यातून फुलाशी निगडित २८ जनुकांचे जाळे. ही जनुके नंतर नरवंध्य आणि नरक्षम झाडांत पडताळली गेली. या कामाचे खरे मोल त्या पडताळणीत आहे.

अडते ते जाळ्यात दोन जनुकांना जोडणाऱ्या रेघेपाशी. दोन जनुके सोबतीने चढतात-उतरतात, एवढेच रेघ सांगते. मर लागलेल्या मुळाचा नमुना कुटला की साल, नळ्या आणि बुरशी एकत्र येतात. नळ्यांभोवतीच्या जिवंत पेशी मेल्या की त्यांची सगळी जनुके एकदम उतरतात, आणि एकमेकांशी काही देणेघेणे नसताना त्यांच्यात दाट रेघा उमटतात. सहसंबंध कितीच्या वर गेला की रेघ ओढायची, हा उंबरठा बदलून हे सुटत नाही. जाळे विरळ होते, खोट मात्र राहते. नमुन्यात कोणत्या पेशी किती, हे आधी ठरवावे लागते.

मधोमध शेकडो रेघा फुटलेले जनुक दिसले की मांडणाऱ्याची छाती फुगते; त्याला सूत्रधार म्हणण्याचा मोह मुरलेल्या माणसालाही आवरत नाही. १९९९ नंतर तर प्रत्येक जैविक जाळ्यात थोडीच बलाढ्य केंद्रे शोधण्याची लाट आली. तशी जाळी प्रत्यक्षात विरळाच, असे २०१९ च्या पडताळणीत दिसले. तरी कित्येक प्रबंध अजून त्याच साच्यात बसवले जातात. हे शास्त्राचे नुकसान आहे.

संशयित जनुक मुळात दाबून पाहावे, मग ते झाड मरीने भरलेल्या चाचणी-वाफ्यात लावावे. बुरशीची रूपे भागागणिक बदलतात, म्हणून वाफा पाटनचेरूत हवा तसा कलबुर्गीतही हवा.