कान दोन, पेट्या सहा

घरातील संगणकासाठी ध्वनिवर्धक घ्यावयाचे ठरले, तेव्हा चिरंजीवांनी पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा संचाचा आग्रह धरला. बाजारात त्यास ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात. मातोश्रींनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “कान दोन, मग पेट्या सहा कशाला रे?”

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मातोश्रींचे परिग्रह-परिमाण व्रत आहे. घरात एक वस्तू आली की दुसरी कोणती जाणार, हे त्या विचारतातच. नातवाचे उत्तरही खोटे नव्हते. डावीकडचा आवाज डाव्या कानाला उजव्याच्या आधी, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतराने पोहोचतो आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. कान दोनच असले तरी मागून आलेली हाक मागूनच आली, हे आपल्याला कळते. चित्रपटातील पाऊस खरोखर पाठीमागे पडावा, असे त्या मुलास वाटले तर त्यात गैर काय?

परंतु आमच्या घरी तो संगणक मुख्यतः ऐकतात त्या मातोश्री. गुडघ्यांमुळे मंदिराच्या पायऱ्या चढणे बंद झाले, तेव्हापासून चातुर्मासातील प्रवचने त्या घरीच ऐकतात. अलीकडे त्या “आवाज वाढव” म्हणत, आणि वाढवला की “नुसते ओरडतात, शब्द कळत नाही” म्हणत. उतारवयात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, त, थ ही व्यंजने त्याच पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीत, म्हणून ते टिकतात. सरसकट आवाज वाढवला की स्वर गर्जतात, व्यंजने मात्र मागेच राहतात. सबवूफरची घुमघुम त्यांच्यावर आणखी पांघरूण घालते. पुढे पुढे तर पडद्यावरील सभेने मान डोलावली की मातोश्रीही डोलावू लागल्या. ऐकू न येताच. ते पाहिल्यापासून हा प्रश्न माझ्यापुरता मनोरंजनाचा उरला नव्हता.

सहा पेट्यांनी त्यांचे काय साधणार होते? मंडपातील प्रवचन बहुधा एकाच ध्वनिक्षेपकावरून मुद्रित होते. त्यात मागचे-पुढचे असे काही नसतेच. संचाने ते चहूबाजूंनी वाटले, तर मंडपाच्या घुमाऱ्यात खोलीच्या घुमाऱ्याची भर पडणार. चित्रपटाचे निराळे. तेथे संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात आणि तेवढाच आवाज वाढवता येतो. ही सोय मला खरोखर मोलाची वाटली.

या संचाची मांडणीही विचार करण्यासारखी आहे. श्रोता मध्यभागी, समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून दोन्हीकडे ३० अंशांवर, बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. सारे वर्तुळ एका खुर्चीसाठी आखलेले! शेजारी बसणाऱ्याच्या वाट्याला एकच बाजू अधिक येते. मला समवसरणाची रचना आठवली. तेथे मध्यभागी जिनेंद्र आणि सभोवती बारा सभा; मुख चारही दिशांना दिसते आणि दिव्यध्वनी प्रत्येक जीवाला आपापल्या भाषेत उमगतो. तेथे कोणाचेही आसन गैरसोयीचे नाही. उपमा येथेच थांबवतो. यंत्राची त्या वाणीशी तुलना करण्याचा अविनय नको. पण आमच्या खोलीत एकाला मध्यभागी बसवायचे, की सर्वांना शब्द पोहोचवायचा, हा प्रश्न त्या आठवणीने स्पष्ट झाला.

दुकानांत फिरताना खोक्यांवरील आकड्यांनी डोळे दिपतात. पीएमपीओ म्हणून छापलेल्या हजारो वॉटना एकवाक्य अशी व्याख्याच नाही. आरएमएस हा आकडा तेवढा विचारावा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीस असे तीस-चाळीस वॉट पुष्कळ झाले. दुसरे पाहावे ते संगणकाच्या पाठीमागे. सहा पेट्यांच्या संचाला हिरवी, काळी आणि नारिंगी अशा तीन पिना लागतात. लॅपटॉपला बहुधा एकच छिद्र असते. मग वेगळे साउंड कार्ड घ्यावे लागते आणि खर्च वाढतो.

शेवटी आम्ही पुढचे दोनच स्पीकर घेतले, पण चांगल्यापैकी. ते टेबलावरून काढून मातोश्रींच्या खुर्चीजवळ, बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवले. जवळून ऐकल्याने खोलीचा घुमारा कमी मिसळतो. संगणकात खालची पट्टी उतरवून वरची थोडी चढवली. त्याला एक पैसाही पडला नाही. कानांची तपासणीही करून घेतली. यंत्र लावायचे की नाही, यावर मातोश्रींशी वाटाघाटी चालू आहेत.

परवा त्यांनी प्रवचन मध्येच थांबवावयास सांगितले. “महाराज ‘संवर’ म्हणाले की ‘संवेग’?” म्हणून विचारले. मागे जाऊन पुन्हा ऐकवले. ‘संवर’च होते.

चिरंजीव सध्या हेडफोनवर चित्रपट पाहतात. मागच्या दोन स्पीकरांचा विषय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे. भिंतीवर पेन्सिलीने खुणा मात्र त्यांनी आताच करून ठेवल्या आहेत.