अहो, तो पाणी मुद्दाम उडवतोय!

मुद्दाम! ऐकताय ना? आपला खिडकीचा एसी, तोच तो, आयुष्यभर ज्याच्या ठिबकण्याला आपण नावं ठेवली, तो आतल्या आत पाणी उडवतो, आणि ते बिघडला म्हणून नव्हे! तसाच बनवलेला असतो! मला हे कळल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगतेय. घरच्यांचं ऐकून झालंय. आता तुम्ही सापडलात!

आधीच कबूल करते, मला यंत्रांतलं ओ की ठो कळत नाही. मी हिशेबाची बाई. फ्यूज उडाला की मेणबत्ती शोधणारी! तेव्हा खाली जे काही वाचाल ते एका उत्साही अडाणी बाईचं आहे, हे धरून चाला. पण चाला माझ्याबरोबर!

तर झालं असं, आम्ही राहतो ह्यूस्टनला, आणि हौस म्हणून एक जुना छोटासा ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे ओढायचा. टीअरड्रॉप म्हणतात तसला, पुढे गोल, मागे निमुळता, आत उभंसुद्धा राहता येत नाही. पाच फूट रुंद, आठ फूट लांब! त्यात एक गादी, दोन फळ्या आणि पायांकडच्या, म्हणजे पुढच्या भिंतीत बसवलेला पाच हजार बीटीयूचा खिडकीतला एसी. खिडकी नाही, पण एसी खिडकीचा! त्याचं तोंड आमच्या तळपायांकडे आणि पाठ बाहेर, ट्रेलरच्या नाकावरच्या झरोकेवाल्या पेटीत. आणि मग आम्ही गेलो गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्कला, समुद्राला खेटून, ऐन उन्हाळ्यात, जिथे हवा इतकी दमट की कोकणातल्या माणसालाही माहेर आठवावं, आणि मग रात्रभर एसी चालला, आणि मग सकाळी पाहते तर गादीचा पायाकडचा कोपरा ओलाचिंब!

शेजारच्या ट्रेलरवाल्यांकडे यावर एकच उपाय. भोक पाडा! एसीच्या तळाला ड्रिलने भोक पाडा, पाणी खाली जाईल, विषय संपला. आमच्या ह्यांच्या डोळ्यांत चमक आली. ड्रिल बाहेर निघालं! आणि मी म्हटलं, अहो थांबा, आधी आत काय आहे ते बघू तरी. आणि मग मी पुढची पेटी उघडली, टॉर्च मारला, आणि एसीच्या पाठीत डोळे घातले.

छप छप छप छप!

तळाच्या पत्र्यात पाणी साचलेलं. आणि मागच्या पंख्याच्या पात्यांच्या टोकांना जोडणारी एक गोल कडी! अख्ख्या पंख्याभोवती! तिची खालची कड त्या साचलेल्या पाण्यात जेमतेम बुडलेली, आणि पंखा फिरला की ती कडी पाणी उचलते आणि मागच्या तापलेल्या जाळीवर भिरकावते! पुढची जाळी गार, तिच्यावर हवेतली वाफ पाणी होऊन जमते. ते पाणी पन्हळीतून मागे येतं. मागची जाळी कढत, तिच्यावर तेच पाणी उडतं, त्याची वाफ होते, जाळी गार होते, आणि एसीचं काम हलकं होतं! स्वतःच काढलेल्या पाण्याचा स्वतःवरच सडा! मी पेटीत डोकं घालून हसत सुटले. इतकी वर्षं आपण ज्याला गळती म्हणत होतो ती या पठ्ठ्याची आंघोळ होती!

आता सांगा, तळाला भोक पाडलं असतं तर? सगळं पाणी निघून गेलं असतं, कडी कोरडी फिरली असती, आणि त्या जाळीला मिळणारा फुकटचा गारवा बंद! काही एसींना तळाला रबरी बूच असतं. हवा फारच दमट असेल तर ते काढतात आणि गारव्यातला थोडा तोटा सोसतात, त्यात काही पाप नाही. पण आमच्या एसीला भोक नको! मी ड्रिलवर बसले. अक्षरशः.

आणि मग डोक्यात भुंगा. गादीवर आलेलं पाणी कडीच्या हातून का निसटलं? आणि मुळात एवढं पाणी आलं कुठून? (इथे माझ्यातली हिशेबनीस जागी झाली. तुम्ही कंटाळू नका, आकडे फार गोड आहेत!)

आमच्या ट्रेलरच्या पोटात हवा मावते साधारण साडेचार घनमीटर. समुद्रकाठच्या त्या चिकट हवेत एका घनमीटरला तेवीस-चोवीस ग्रॅम पाणी असतं. म्हणजे अख्ख्या ट्रेलरच्या हवेत मिळून किती? शंभर ग्रॅम! एक कप चहासुद्धा नाही! हवेतला थेंब न् थेंब पिळून काढला तरी गादीचा कोपरा इतका भिजायचा नाही. मग बाकीचं? बाकीचं बाहेरून! दाराच्या झिजलेल्या रबरातून, छताच्या झडपेतून, वायरींच्या भोकांतून बाहेरची दमट हवा रात्रभर आत येत राहते आणि एसी ती रात्रभर पिळत राहतो. आणि उरलेलं? उरलेलं आम्ही! झोपलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात अंदाजे पाव लिटर पाणी हवेत सोडतो. दोघांचं मिळून अर्धा लिटर! मी ह्यांना म्हटलं, गादी भिजवणारे अर्धे आरोपी आपणच आहोत. हे म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस. सांगितलं!

आणि अजून एक! वाफेचं पाणी करायला काही कमी ताकद लागत नाही. पाच हजार बीटीयू म्हणजे साधारण साडेचौदाशे वॉटइतकी उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. तासाला अर्धा लिटर पाणी काढायचं तर त्यातली साडेतीनशेच्या आसपास नुसती पाणी काढण्यातच जाते. पाव भाग जवळजवळ! म्हणजे दाराचं रबर बदललं की पाणीही कमी आणि गारवाही जास्त. रबराची एक पट्टी हो! मी ती हातात घेऊन सोन्याच्या पाटलीकडे बघावं तशी बघत बसले.

पण खरी गंमत पुढे आहे. ढाळ!

घराच्या खिडकीत एसी बसवताना मागची बाजू किंचित खाली ठेवतात, पाणी मागे जावं म्हणून. ट्रेलरमध्ये? ट्रेलरच आख्खा कलतो! आणि आमचे हे गेल्या गेल्या पाणसळ काढणार, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत जॅक फिरवणार, चाकांखाली फळ्या सरकवणार, त्यांचं व्रतच आहे ते. माणसांसाठी उत्तम! पण एसी बसवणाऱ्याने तो ट्रेलरमध्ये सपाट बसवलेला, किंवा कुणास ठाऊक, केसभर आत, गादीकडे झुकलेलाच. मग सगळं पाणी मागे कशाला जाईल? बरंचसं पुढच्या जाळीखालीच साचणार, काठोकाठ भरणार आणि गादीवर उतरणार. आणि मग मी ट्रेलरच्या नाकाचा जॅक थोडासा, अगदी थोडासा खाली घेतला, इतकाच की एसीच्या लांबीला फुटामागे पाव इंच उतार मिळावा, आणि मग पेटीशी कान लावला, आणि मग, छप छप छप! अडलेलं पाणीही मागे आलं! कडीला लागलं! आख्खं घर कलवून आम्ही एसीची मोरी दुरुस्त केली! असं करता येतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, दमट रात्री कडीला झेपलं नाही तर? शाबास, तुम्हालाही लागण झाली! त्यासाठी एसीखाली एक उथळ ट्रे. त्याच्या मागच्या कोपऱ्याला तोटी, तोटीला नळी, नळी फरशीतून खाली. एसीचं पाणी एसीकडेच राहतं आणि ओसंडेल तेवढंच ट्रेमध्ये येतं. सोपं वाटतं ना? नळी जोडली. पाणी येईना! ट्रे भरलेला, नळी रिकामी, आणि मी खाली मान घालून नळीला विनवतेय. तर नळीचं मध्येच पोट सुटलेलं! खाली लोंबून पुन्हा वर चढलेली. त्या खळग्यात पाणी बसलं आणि मागे हवा कोंडली, आणि एवढ्याशा ट्रेतल्या बोटभर पाण्याला ती हवा ढकलायचं बळ कुठलं? नळी सरळ ताणून बांधली. धो धो! (बरं, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. इथल्या कुंभारीण माश्या कुठल्याही भोकात मातीचं घर बांधतात, आणि आयती नळी म्हणजे त्यांना बंगलाच! अधूनमधून पांढरं व्हिनेगरही ओतायचं, आतला बुळबुळीतपणा जातो.)

पुढे ऐका! नळी फरशीच्या पातळीलाच कापली तर पाणी खाली पडतच नाही! तळाच्या पाटाला चिकटून उलटं चालत जातं आणि लाकडात मुरतं! मी झोपून पाहिलं, थेंब चक्क छताला पाल चालावी तसा चालला होता. नळी बोटभर खाली लोंबू दिली की मुकाट्याने टपकतो. आणि तिथेच, ट्रेलरखाली पडल्या पडल्या, मला पुण्यातल्या घराचा छज्जा आठवला. छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक बारीक खाच असते, पाहिलीय ना? लहानपणापासून मला ती नक्षी वाटायची! ती यासाठी! चालत येणारा थेंब त्या खाचेशी अडतो, त्याला पलीकडे जाता येत नाही, तो खाली पडतो आणि भिंत कोरडी राहते! गवंड्यांना हे सगळं माहीत होतं आणि कुणी बोललं नाही!

मग काय, झोप कसली लागते! वाचत बसले. आणि काय सापडलं! 1902 साली ब्रुकलिनमध्ये एका छापखान्याची तक्रार होती. उन्हाळ्यात हवेतल्या ओलाव्याने कागद फुगतो, आणि एकावर एक छापायचे रंग जागच्या जागी बसत नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनियरने थंड नळ्यांवरून हवा न्यायची योजना आखली. कशासाठी? ओलावा काढण्यासाठी! कागदासाठी! माणसाला गार वाटणं हा वरचा नफा! म्हणजे आपण ज्याला एसीची कटकट म्हणतो, त्या पाण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप सुरू झाला होता!

आईला व्हिडिओवर सगळं दाखवलं. जॅक, कडी, नळी, सगळं. ती म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात? नळीखाली बादली ठेव, झाडांना घाल." डोंबिवलीला तिची जास्वंद किती उन्हाळे त्याच पाण्यावर फुलतेय! आणि इथे टेक्सासातच सॅन अँटोनिओला नव्या व्यापारी इमारतींना एसीचं पाणी गोळा करता येईल अशाच नळ्या घालाव्या लागतात. आई आणि महानगरपालिका, दोघी एका बाजूला! (पिऊ मात्र नका. तांब्या-ॲल्युमिनियमवरून आणि धुळीवरून आलेलं असतं ते.)

आणि मग घरी आले, आणि मग म्हटलं, एसी जर असा, तर फ्रिज? फ्रिजमध्येही बर्फ वितळतोच की, त्याचं पाणी जातं कुठे? आपण तर कधी ओतत नाही! आणि मग मी फ्रिज ओढला, भिंतीपासून, एकटीने, आणि मागचा पत्रा काढला, आणि अहो, कॉम्प्रेसरपाशी एक छोटी तबकडी! वितळलेलं पाणी त्यात पडतं, आणि कॉम्प्रेसरच्या उबेने आपोआप उडून जातं! तिथेही तोच प्रकार! तुमच्याकडेही असणार! उठा ना, ओढा फ्रिज. आधी प्लग काढा, आणि पुसायला फडकं घेऊन या, मागे धूळ भयंकर असते!