वैमानिकाची ये-जा

अमेरिकेत नव्या वैमानिकाचे घर एका शहरी आणि नेमणूक दुसऱ्या शहरी, असे पुष्कळदा घडते. तो कामावर जातो तोही विमानानेच! रिकामी जागा मिळाली तर ठीक. नाहीतर चालककक्षातील घडीची खुर्ची.

हे गमतीचे वाटेल खरे. परंतु १२ फेब्रुवारी २००९ रोजी एक तरुण सहवैमानिक सिअ‍ॅटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून, मेम्फिसमार्गे, नेवार्कला पोहोचली. दिवसा तिने विश्रांतिकक्षातील कोचावर झोप घेतली. त्याच रात्री तिचे विमान बफेलोजवळ कोसळून ५० माणसे मृत्युमुखी पडली. धोक्याची सूचना मिळताच विमानाचे नाक खाली करावयाचे, ते कप्तानाने वर ओढले होते. दोघेही थकलेले असावेत, असे चौकशीत दिसले. त्या थकव्याचा वाटा किती, हे मात्र ठरविता आले नाही.