शंभर दाणे गोणपाटात

"बॅकअप त रोज घेतो जी," मुनीमजी म्हणाले. "संध्याकाळी मिल बंद करायच्या आधी पेनड्राइव्ह लावतो, तुम्ही दाखवलेल्या त्या चित्रावर दोनदा टिचकी मारतो. काळी खिडकी येते, जाते. एक दिवस नाही चुकवला."

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोंदिया-तिरोडा रस्त्यावरची एक राइस मिल, मृग लागून आठवडा झालेला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या डब्यावर कोंड्याचा बोटभर थर होता. आत पेंटियम फोर, पाचशे बारा एमबी रॅम, चाळीस जीबीची जुनी पट्टीवाली हार्डडिस्क आणि विंडोज एक्सपी. मागून नऊ पिनांची एक केबल निघून अंगणातल्या धर्मकाट्याकडे गेलेली. मालक हा डबा बदलत नव्हते तो कंजूषपणामुळे नव्हे. काट्याचं सॉफ्टवेअर त्या नऊ पिनांशिवाय बोलत नव्हतं आणि नव्या कॉम्प्युटरला त्या पिनाच नसतात. जुनी मशीन टिकून राहतात ती अशी, कुठल्यातरी एका केबलीच्या आधारानं.

त्या सकाळी मशीन चालू होईना. मी पेचकसाचं टोक हार्डडिस्कला लावलं आणि मूठ कानाला. टक... टक... टक. आतला हात जागा शोधायला जातो, सापडत नाही, परत येतो. हा आवाज ऐकला की आमच्या धंद्यातला माणूस आधी एकच प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर मुनीमजींनी मोठ्या अभिमानानं देऊन टाकलं होतं.

पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला. सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. टॅलीचा फोल्डर होता, काट्याच्या पावत्यांची फाइल होती. तारीख मात्र आदल्या दिवाळीची.

दिवाळी ते मृग म्हणजे काय, ते आमच्या भागात सांगावं लागत नाही. धान कापून, चुरून बाजारात येतो तो दिवाळीच्या मागेपुढे. सरकारी खरेदीचा धान भरडाईला मिलमध्ये येतो तो त्यानंतर. एक क्विंटल धान घेतला की ६७ किलो तांदूळ परत द्यायचा, हा हिशेब. किती पोती आली, किती तांदूळ गेला, कुठल्या ट्रकनं गेला, हे सगळं त्या आठ महिन्यांतलं होतं आणि पेनड्राइव्हवर त्यातला एक दिवसही नव्हता.

"काळ्या खिडकीत काही लिहून येत होतं का?"

"येत होतं ना. पण इंग्रजीत. कोण वाचते जी?"

हार्डडिस्क काढून घेतली, रिकाम्या मशीनला दुसरी डिस्क लावली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ओळ आली: एफ-वन दाबा. मी थांबलो. मुनीमजींनी मागून हात पुढे केला, सवयीनं एफ-वन दाबलं आणि म्हणाले, "हे रोजचंच आहे. दाबलं की होतो चालू."

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि पाठोपाठ तोंडही पडलं.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२, तीन व्होल्टची. मशीन बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती मेली की मशीन रोज सकाळी तारीख विसरते. हे मशीन रोज सकाळी १ जानेवारी २००२ ला जागं होत होतं. रात्री मेन स्विच बंद, की पुन्हा तिथेच. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण टॅली आपली तारीख स्वतंत्र ठेवते. कालच्या नोंदीची तारीख पुढे चालू. काट्याच्या पावतीवर तारीख हातानं टाकायची पद्धत होती. इंटरनेट नव्हतंच.

आता ती काळी खिडकी. ती चार ओळींची बॅच फाइल होती. तिच्यात एक्सकॉपी हा जुना डॉसचा हुकूम आणि त्याला जोडलेलं '/डी'. त्याचा अर्थ असा, की पेनड्राइव्हवरच्या फाइलीपेक्षा इथली फाइल नवी असेल तरच कॉपी कर, उगाच वेळ घालवू नको. दोन्ही सॉफ्टवेअरच्या फाइलींची नावं रोज तीच असत, बदले ते फक्त पोटातलं. बॅटरी दिवाळीत मेली. त्या दिवसापासून मिलमधली प्रत्येक फाइल २००२ सालची ठरली आणि पेनड्राइव्हवरची तिच्यापेक्षा नवी. मग हुकमानं काय करावं? त्याला सांगितलं होतं तेच केलं. रोज संध्याकाळी इमानेइतबारे सांगत राहिला: शून्य फाइली कॉपी झाल्या.

ती बॅच फाइल मी लिहिली होती. '/डी' घातल्यानं पाच मिनिटांचं काम दहा सेकंदांत होतं, म्हणून स्वतःवर खूशही होतो. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर फाइली पाहिल्या, पैसे घेतले, निघालो. त्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून मी एकदाही पाहिल्या नव्हत्या, आणि वर्षभरानं पुन्हा येऊन पाहणं तर सुचलंही नव्हतं.

डिस्क दुकानात आणली. अशा डिस्कवर विंडोजची दुरुस्ती चालवायची नसते. दुरुस्तीच्या नावाखाली ती उरलासुरला जीव घेते. लिनक्सच्या सीडीवरून मशीन सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू लावलं. हा प्रोग्राम शहाण्या माणसासारखा वागतो. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलं तिथे हट्ट न करता पुढे जातो आणि सगळं चांगलं पदरात पडल्यावर अवघड जागांकडे परततो. दोन रात्री पंखा डिस्कवर रोखून बसलो. शेवटी काही जागा वाचल्याच नाहीत, पण टॅलीचा फोल्डर बराचसा हाती आला. त्याची आधी नक्कल करून ठेवली आणि मग नकलेवर टॅलीचं 'रीराइट' चालवलं. काही दिवसांच्या नोंदी फाटक्या निघाल्या. त्या मुनीमजींनी लाल कापडी बांधणीच्या वहीवरून पुन्हा चढवल्या. खरा बॅकअप ती वहीच निघाली. तिला बॅटरी लागत नव्हती.

तेव्हापासून मी मशीनला हात लावायच्या आधी माणसाला जास्त विचारतो. आमच्याकडे गिऱ्हाईक मराठी, हिंदी, पोवारी अशा तीन भाषांत येतं, पण तक्रार एकच असते: "डेटा उडाला." उडत काही नाही. कुठेतरी अडतं. कुठे अडतं, ते विचारावं लागतं.

माझा पहिला प्रश्न असतो, बॅकअप दर वेळी त्याच जागी थांबतो की वेगवेगळ्या? त्याच फाइलीशी अडत असेल तर संशय डिस्कवर, तिथली जागा खराब आहे. आज इथे, उद्या तिथे असं होत असेल तर डिस्क निर्दोष असण्याची शक्यता जास्त, संशय रॅमवर. रॅम बिघडली की कॉपी होताना एखादा अक्षर-अंक गुपचूप बदलतो आणि पडताळणीत नेमका तोच पकडला जातो. मग रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं हलक्या हातानं घासायचे, फुंकर मारायची, बसवायची आणि रात्रभर रॅमची तपासणी लावून ठेवायची. दोन रुपयांच्या खोडरबरानं बरी झालेली मशीन मी किती पाहिली, मोजलेली नाहीत. तरीही अडलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाहायचे. डोकं फुगलेलं असलं की समजायचं, मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांनी आपलं काम केलं.

आणि बॅकअप बरोबर चार जीबीला थांबत असेल, तर काहीच बिघडलेलं नसतं. नवी तीनशे वीस जीबीची बाहेरची डिस्क, जागा रिकामी, तरी मशीन म्हणतं जागा संपली. ती डिस्क फॅट-३२ पद्धतीनं मांडलेली असते आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सपीचा बॅकअप सगळं एकाच मोठ्या फाइलीत बांधतो. कणगी मोठी आहे, दार लहान आहे, एवढंच.

एकदा आमगावकडचे एक निवृत्त गुरुजी सीडी घेऊन आले. नोकरीच्या काळात त्यांनी झाडीबोलीतले शब्द जमवले होते. विंडोज ९८ वर स्वतः टाइप करून सीडीवर उतरवून ठेवले होते. सीडीला एक ओरखडा नव्हता. फाइली उघडल्या आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, डॉलर यांची खिचडी आली. गुरुजींचा चेहरा पाहवेना. त्यांना वाटलं, व्हायरसनं खाल्लं.

काही खाल्लं नव्हतं. युनिकोड घरोघरी पोचण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरवर मराठी चाले. त्यांतल्या बहुतेक फॉन्टांमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेला नसे. इंग्रजीच्या एखाद्या अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असे. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर खिचडी. गुरुजींनी फाइली जपल्या, फॉन्ट जपला नव्हता. जुनं मशीन माळ्यावर होतं. ते खाली उतरवलं, फॉन्टचा फोल्डर काढला, शब्द दिसू लागले. मग एका कन्व्हर्टरनं ते युनिकोडात आणले आणि जोडाक्षरं जिथे तुटली तिथे गुरुजींनी शेजारी बसून एकेक दुरुस्त करून दिलं.

एक्सपीवर एनटीबॅकअपनं बांधलेल्या गाठोड्यांचंही तेच होतं. व्हिस्टापासून विंडोजनं तो प्रोग्राम सोडला. लोक ते .बीकेएफ गाठोडं नव्या लॅपटॉपवर आणतात आणि लॅपटॉप त्याला ओळख देत नाही. फाइल शाबूत, सोडवणारा हात नाही. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार बंद झाला, तेव्हा आमच्याकडे अशी गाठोडी घेऊन बरेच जण आले. म्हणून मी डेटासोबत फॉन्ट, सॉफ्टवेअरची सीडी, तिचा नंबर आणि ड्रायव्हर असं सगळं एकाच पाकिटात ठेवायला सांगतो. बी जपायचं तर माती कुठली लागते तेही लिहून ठेवावं.

हे बी-मातीचं माझं नाही, वडिलांचं आहे. आमची थोडी धानाची शेती. दर वर्षी पऱ्हे टाकायच्या आधी वडील घरचं बियाणं कणगीतून काढत. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओतत. तरंगलेलं पोचट काढून टाकत. तळातलं चांगल्या पाण्यानं धुऊन, सावलीत वाळवून त्यातले मोजून शंभर दाणे ओल्या गोणपाटात रांगेनं मांडत, गुंडाळत आणि पडवीत ठेवत. आठवडाभर पाणी शिंपडत. मग उलगडून मोड मोजत. ऐंशी निघाले तर बियाणं पेरायचं. साठ निघाले तर जास्त टाकायचं किंवा शेजाऱ्याकडून आणायचं. मी लहानपणी विचारलं होतं, बी आपलंच, आपणच जपलेलं, मग मोजता कशाला? ते म्हणाले, "जपलं हे मला माहीत आहे. उगवते का ते त्यालाच माहीत."

मिलच्या डिस्कपाशी काढलेल्या त्या दोन रात्री हे वाक्य माझ्या मागे लागलं होतं. बॅकअप घेणं म्हणजे कणगी भरणं. आम्ही सगळे तेवढंच शिकवतो आणि तेवढ्याचेच पैसे घेतो. उगवून पाहणं कोणी शिकवत नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. जुन्या मशीनवर गेलो की आधी घड्याळ पाहतो. एफ-वन मागत असेल तर बॅटरी बदलल्याशिवाय पुढे बोलत नाही. एकाच पेनड्राइव्हवर रोज तेच पुसून तेच लिहू देत नाही. निदान तीन ठेवायला लावतो, आजचा, आठवड्याचा, महिन्याचा, म्हणजे बिघडलेला डेटा चांगल्यावर चढला तरी मागचा एखादा वाचतो. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या कुठल्याही दहा फाइली दुसऱ्या मशीनवर, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून पाहायला लावतो. मूळ मशीनवर कधीच नाही. तिथे उघडल्या तर जुन्या फाइली नव्यांवर चढायचा धोका.

त्या मिलमधलं मशीन पुढे तीन वर्षं चाललं. मग धर्मकाट्याचं सॉफ्टवेअर बदललं आणि ते भंगारात गेलं. मुनीमजी अजून आहेत. बॅच फाइलीतलं '/डी' मी काढून टाकलं, पण काळी खिडकी नव्या मशीनवरही ठेवली. फक्त ती आता आपोआप बंद होत नाही, बटण दाबेपर्यंत थांबते. तिच्यातला आकडा मुनीमजी रोज संध्याकाळी लाल वहीत, त्या दिवसाच्या पोत्यांच्या आकड्याखाली लिहितात. शून्य आला की मला फोन. आजवर दोनदा आला.